मराठीतल्या "ते"ला इंग्रजीत 'इट' की 'दे'? इंग्रजी सर्वनामं घालण्याचा योग्य क्रम

"पैसे टेबलावर ठेवले होते. ते कुठे गेले?" हे इंग्रजीत लिहायला सांगितलं की पुष्कळ जण दुसऱ्या वाक्यात 'दे' घालतात. 'मनी' इंग्रजीत एकवचनी आहे, त्यामुळे तिथे 'इट' हवं. ज्यांना सर्वनामांचा तक्ता तोंडपाठ आहे त्यांचीही इथे चूक होते, कारण ते मराठी वाक्यातलं "ते" उचलतात आणि त्याला इंग्रजी प्रतिशब्द शोधतात. खरं तर आधी इंग्रजी नाम शोधायला हवं. त्या नामाचं वचन आणि लिंग पाहून, मग वाक्यातली जागा पाहून सर्वनाम ठरतं. हा क्रम उलटा झाला की तक्ता कितीही पाठ असला तरी उपयोग होत नाही.

वाचताना एवढं लक्षात ठेवा: एकेरी अवतरणातले शब्द इंग्रजी आहेत, दुहेरी अवतरणातले मराठी. म्हणजे 'ही' हे पुरुषासाठीचं इंग्रजी सर्वनाम आहे, आणि 'मी' म्हणजे मराठीतलं "मला".

## तयारी: तक्ता आणि सर्वनाम नसलेला उतारा

वहीच्या एका पानावर ही रूपं ओळीने लिहून समोर ठेवा.

- कर्त्याच्या जागी: 'आय', 'वुई', 'यू', 'ही', 'शी', 'इट', 'दे'
- कर्माच्या जागी, तसंच 'टू', 'फॉर', 'विथ', 'फ्रॉम' यांसारख्या शब्दांनंतर: 'मी', 'अस', 'यू', 'हिम', 'हर', 'इट', 'देम'
- मालकी, पुढे नाम असताना: 'माय', 'अवर', 'युअर', 'हिज', 'हर', 'इट्स', 'देअर'
- मालकी, पुढे नाम नसताना: 'माइन', 'अवर्स', 'युअर्स', 'हिज', 'हर्स', 'देअर्स'
- कर्त्याची क्रिया त्याच्यावरच होते तेव्हा: 'मायसेल्फ', 'अवरसेल्व्हज', 'युअरसेल्फ', 'हिमसेल्फ', 'हरसेल्फ', 'इटसेल्फ', 'देमसेल्व्हज'

शेवटच्या ओळीत 'हिजसेल्फ' किंवा 'देअरसेल्व्हज' असं कधीच येत नाही. 'यू' एकापेक्षा जास्त जणांसाठी असेल तर 'युअरसेल्व्हज' होतं. 'आय' हे अक्षर वाक्याच्या मध्ये आलं तरी कॅपिटलच लिहायचं.

आता सरावासाठी एकही सर्वनाम नसलेला उतारा घ्या. वाचताना तो कंटाळवाणा वाटेल, पण प्रत्येक ठिकाणी नाम डोळ्यांसमोर असल्यामुळे अंदाजाने सर्वनाम घालता येत नाही. आपण हा घेऊ:

'सीमा बॉट अ न्यू बॅग. सीमा शोड द न्यू बॅग टू सीमाज ब्रदर. सीमाज ब्रदर लाइक्ड द न्यू बॅग. सीमा अँड सीमाज ब्रदर पुट द मनी इन द न्यू बॅग.'

## टप्पा 1: कोणाच्या जागी सर्वनाम घालायचं, ते पूर्ण शोधा

सर्वनाम नामाच्या जागी येतं असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात ते नामासकट त्याला चिकटलेल्या सगळ्या शब्दांची जागा घेतं. 'द न्यू बॅग' हे तीन शब्द मिळून एक गट आहे, आणि तो सगळा जाऊन 'इट' येतं. फक्त 'बॅग' काढलं तर 'द न्यू इट' असं विचित्र काहीतरी उरतं. 'सीमाज ब्रदर' हाही एक गट, त्याच्या जागी 'ही'. 'सीमा अँड सीमाज ब्रदर' हा आणखी मोठा गट, त्याच्या जागी 'दे'.

म्हणून पेन्सिलीने नामाखाली रेघ मारू नका, पूर्ण गटाखाली मारा. गट लांबलचक असला तरी हाच नियम. 'द बुक ऑन द टॉप शेल्फ' या सगळ्याचं एक 'इट' होतं.

दुसरी चूक याच टप्प्यावर होते: नाम ठेवायचं आणि सर्वनामही घालायचं. "माझा भाऊ, तो डॉक्टर आहे" हे मराठीत बोलताना चालून जातं. इंग्रजीत 'माय ब्रदर ही इज अ डॉक्टर' चुकीचं. सर्वनाम आलं की ज्याच्या जागी ते आलं तो गट त्या जागेवरून जायलाच हवा.

तपासणी: सर्वनाम काढून तिथे मूळ गट परत ठेवा. वाक्य जसंच्या तसं उभं राहिलं तर अदलाबदल बरोबर आहे.

## टप्पा 2: वचन आणि लिंग इंग्रजी नामावरून ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. मराठीत प्रत्येक वस्तूला लिंग असतं: ती खुर्ची, तो दरवाजा, ते कपाट. इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नाही, तिघांनाही 'इट'च. "गाडी बंद पडली, ती ढकलावी लागली" यातली "ती" इंग्रजीत 'शी' होत नाही. प्राण्याबद्दल बोलताना त्याचं लिंग माहीत असेल, विशेषतः तो घरात पाळलेला असेल, तर 'ही' किंवा 'शी' म्हणतात. एरवी 'इट'.

वचनाचा गोंधळ त्याहून मोठा, कारण तिथे मराठीचा कान उघडउघड दिशाभूल करतो. "पैसे" आणि "केस" आपल्याकडे अनेकवचनी आहेत. इंग्रजीत 'मनी' आणि 'हेअर' या अर्थाने एकवचनी आहेत, म्हणून 'इट'. 'फर्निचर', 'लगेज', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस' हेही एकवचनी. 'न्यूज' च्या शेवटी 'एस' असूनही त्याला 'इट'च लागतं. उलट "कात्री" आपल्यासाठी एकच वस्तू, पण 'सिझर्स' इंग्रजीत अनेकवचनी, म्हणून 'दे'. 'ट्राउझर्स' आणि चष्मा या अर्थाचा 'ग्लासेस' तसेच. 'पोलीस' या शब्दालाही 'दे' घ्यावं लागतं.

'टीम', 'फॅमिली', 'कमिटी' अशा समूहांना 'इट' चालतं, आणि ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत 'दे' पण चालतं. एक निवडा आणि त्या लेखनात शेवटपर्यंत तेच ठेवा. पहिल्या ओळीत 'इट' आणि तिसऱ्या ओळीत 'दे' झालं की वाचणारा अडखळतो.

सावधान, आदरार्थी बहुवचन: "सर आले, त्यांनी हजेरी घेतली" यात माणूस एकच आहे. इंग्रजीत 'ही'. "आजी आल्या, त्या बसल्या" यात 'शी'. 'दे' वापरलंत तर वाचणारा दोन-चार माणसं आली असं समजेल. 'ही' म्हटल्याने अनादर होत नाही, कारण इंग्रजीत आदर सर्वनामातून दाखवतच नाहीत. तो 'सर', 'मिस्टर', 'डॉक्टर' अशा संबोधनांतून आणि विनंतीच्या शब्दांतून दिसतो. हे मनाला पटायला वेळ लागतो, विशेषतः आईवडिलांबद्दल किंवा शिक्षकांबद्दल लिहिताना हात अडतो. पण नियम पक्का आहे.

याच्या उलट 'यू' चं. "तू", "तुम्ही" आणि "आपण" या तिघांना 'यू', आणि समोर एकच माणूस असला तरी क्रियापद 'आर' किंवा 'वेअर'. 'यू इज' किंवा 'यू वॉज' लिहू नका. "आम्ही" आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारं "आपण" हे दोन्ही 'वुई' मध्येच येतात. फरक स्पष्ट करायचाच असेल तर वेगळे शब्द जोडावे लागतात, जसं 'वुई, बट नॉट यू'.

माणूस कोण हे माहीत नसेल, किंवा 'एव्हरीवन', 'समवन', 'नोबडी' असे शब्द असतील, तर क्रियापद एकवचनी ठेवून पुढे 'दे', 'देअर' घ्या: 'एव्हरीवन हॅज देअर ओन सीट.' आजच्या इंग्रजीत हे सर्रास चालतं. एखाद्या परीक्षेत जुनं 'हिज ऑर हर' मागितलं असेल तर तेवढ्यापुरतं ते लिहा.

तपासणी: गटातलं इंग्रजी नाम मोठ्याने म्हणा आणि पुढे 'इज' की 'आर' लागतं ते ऐका. 'द मनी इज' म्हटलं तर 'इट', 'द सिझर्स आर' म्हटलं तर 'दे'.

## टप्पा 3: वाक्यातली जागा पाहून रूप निवडा

आता सर्वनाम कोणतं ते ठरलं, त्याचं रूप राहिलं. साध्या विधानात क्रियापदाच्या आधी कर्ता: 'शी'. क्रियापदानंतर कर्म: 'हर'. 'टू', 'विथ', 'फॉर' नंतरही 'हर'. इतकं सोपं आहे, तरी एका ठिकाणी मराठी माणूस हमखास फसतो.

मराठीत अनुभव सांगताना माणसाला "ला" लागतो: मला वाटतं, तिला ताप आहे, त्यांना दोन मुलगे आहेत, मला हे आवडलं. प्रत्यय "ला" दिसला की 'मी', 'हर', 'देम' सुचतं. इंग्रजीत मात्र अशा बहुतेक वाक्यांत तोच माणूस कर्ता होतो: 'आय थिंक', 'शी हॅज अ फीव्हर', 'दे हॅव टू सन्स', 'आय लाइक्ड इट'. त्यामुळे मराठी प्रत्यय पाहून रूप ठरवू नका. इंग्रजी वाक्यात तो शब्द कुठे बसतो तेवढंच पाहा.

दोन माणसं 'अँड' ने जोडली की दुसरा घोळ सुरू होतो. 'रवी अँड मी वेंट' की 'रवी अँड आय वेंट'? दुसऱ्या माणसाला क्षणभर काढून टाका. 'मी वेंट' कानाला खटकतं, 'आय वेंट' बरोबर वाटतं, म्हणून 'रवी अँड आय'. तसंच 'शी कॉल्ड रवी अँड मी', कारण 'शी कॉल्ड आय' होत नाही. काही जण शुद्ध बोलण्याच्या नादात 'बिटवीन यू अँड आय' म्हणतात. 'बिटवीन' नंतर कर्माचं रूप लागतं, म्हणून 'बिटवीन यू अँड मी'. आणि "मी आणि माझा मित्र" हा मराठीतला क्रम इंग्रजीत उलटतो: 'माय फ्रेंड अँड आय'.

'दॅन' नंतर 'आय' की 'मी' यावर वाद घालत बसण्यापेक्षा वाक्य पूर्ण करा: 'ही इज टॉलर दॅन आय ॲम.' यावर कोणाचाच आक्षेप येत नाही. दार वाजवल्यावर "कोण?" असं विचारलं तर 'इट्स मी' हेच रोजचं, सहज उत्तर आहे.

## टप्पा 4: मालकी, आणि मालक कोण ते विसरू नका

"त्याची बहीण" म्हणताना आपण दोन गोष्टी एकाच शब्दात सांगतो. "त्या" वरून मालक पुरुष आहे हे कळतं, "ची" वरून पुढचं नाम स्त्रीलिंगी आहे हे. इंग्रजी फक्त पहिली गोष्ट विचारते. मालक रवी असेल तर 'हिज सिस्टर', 'हिज ब्रदर', 'हिज बुक्स'. मालक सीमा असेल तर 'हर ब्रदर', 'हर सिस्टर', 'हर बुक्स'. बहीण स्त्री आहे म्हणून 'हर' लिहिणं ही फार पसरलेली चूक आहे, आणि ती चूक झाली की बहीण दुसऱ्याच कोणाची तरी होते.

"आपला" आणि "स्वतःचा" यांना इंग्रजीत वेगळा शब्द नाही. "सीमाने आपली वही दिली" यात 'हर नोटबुक'. 'ओन' हा शब्द जोर द्यायचा असेल तेव्हाच जोडा. उलट काही ठिकाणी मराठी मालकी सांगतच नाही आणि इंग्रजीला ती हवीच असते. "त्याने हात धुतले" म्हणताना हात कोणाचे हे आपण बोलत नाही. इंग्रजीत 'ही वॉश्ड हिज हँड्स' असंच म्हणावं लागतं.

पुढे नाम असेल तर 'माय', नसेल तर 'माइन': 'दिस इज माय पेन', 'दिस पेन इज माइन'. मालकीच्या रूपाआधी 'अ' किंवा 'द' येत नाही. 'अ माय फ्रेंड' म्हणायचं असेल तर 'अ फ्रेंड ऑफ माइन'.

सावधान, स्पेलिंग: 'युअर्स', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांत अपॉस्ट्रॉफी कधीही नसते. मालकीच्या 'इट्स' मध्येही नसते. अपॉस्ट्रॉफी घातली की त्याचा अर्थ 'इट इज' किंवा 'इट हॅज' होतो. शंका आली तर 'इट इज' असं उलगडून वाचा. वाक्य बिघडलं तर अपॉस्ट्रॉफी काढा. 'देअर' चा उच्चार एक, स्पेलिंग तीन. मालकीच्या 'देअर' च्या शेवटी 'आय' आणि 'आर' ही अक्षरं येतात, "तिथे" या अर्थाच्या 'देअर' च्या शेवटी 'आर' आणि 'ई', आणि अपॉस्ट्रॉफीवाला शब्द म्हणजे 'दे आर'.

आता सुरुवातीचा उतारा पुन्हा लिहा:

'सीमा बॉट अ न्यू बॅग. शी शोड इट टू हर ब्रदर. ही लाइक्ड इट. दे पुट द मनी इन इट.'

पहिलं 'सीमा' आणि पहिलं 'अ न्यू बॅग' तसंच राहिलं, कारण कोणाबद्दल आणि कशाबद्दल चाललंय हे वाचणाऱ्याला तिथेच पहिल्यांदा कळतं. 'द मनी' ही तसंच आहे, ते याआधी आलेलंच नाही. शेवटच्या वाक्यातलं 'इट' मात्र नीट पाहा. 'मनी' लाही 'इट' लागतं आणि 'बॅग' लाही. पुढे 'देन दे लॉस्ट इट' असं पाचवं वाक्य जोडलं तर हरवलं काय, पैसे की बॅग? तिथे नाम परत लिहावं लागेल. याबद्दल टप्पा 7 मध्ये बोलू.

## टप्पा 5: मराठीत न दिसणारी जागा भरा

मराठी क्रियापदावरून कर्ता कळतो, म्हणून आपण तो गाळतो. "आला का?" "हो, आला." इंग्रजीत ती जागा रिकामी ठेवता येत नाही: 'हॅज ही कम?' 'येस, ही हॅज.' कर्माचंही तसंच. "चित्र पाहिलं, आवडलं" यातलं "आवडलं" इंग्रजीत 'आय लाइक्ड इट' होतं, नुसतं 'आय लाइक्ड' अर्धवट राहतं. 'वुई एन्जॉइड' सुद्धा अर्धवट. 'वुई एन्जॉइड इट' किंवा 'वुई एन्जॉइड अवरसेल्व्हज' म्हणा.

काही वाक्यांत जागा भरायला नामच नसतं. "पाऊस पडतोय", "पाच वाजले", "उकडतंय", "इंग्रजी शिकणं कठीण नाही". इंग्रजी अशा वेळी 'इट' ठेवते: 'इट इज रेनिंग', 'इट इज फाइव्ह', 'इट इज हॉट', 'इट इज नॉट डिफिकल्ट टू लर्न इंग्लिश'. हे 'इट' कोणाच्या जागी आलं हे शोधत बसू नका, ते फक्त कर्त्याची जागा भरतं. एखादी गोष्ट आहे किंवा नाही एवढंच सांगायचं असेल तर 'देअर इज' किंवा 'देअर आर'.

याच टप्प्यात 'इट' आणि 'वन' वेगळे करा. 'डू यू हॅव अ पेन?' या प्रश्नाला 'येस, आय हॅव वन' असं उत्तर येतं, कारण कोणतंही एक पेन चालणार आहे. 'डू यू हॅव माय पेन?' याला 'येस, आय हॅव इट', कारण तेच ठरावीक पेन हवं आहे. आधी 'अ' होतं तर 'वन', 'द' किंवा 'माय' होतं तर 'इट', असं लक्षात ठेवलं की बहुतेक वेळा चुकत नाही.

## टप्पा 6: 'सेल्फ' आणि 'हू'

'सेल्फ' ची रूपं बहुतेक दोनच कामांसाठी लागतात. कर्त्याने केलेलं त्याच्यावरच होतं: 'शी हर्ट हरसेल्फ'. किंवा जोर द्यायचा असतो: 'आय डिड इट मायसेल्फ'. ओळख करून देताना 'मायसेल्फ रवी' म्हणणं कितीही ऐकू आलं तरी चूकच आहे. 'आय ॲम रवी' म्हणा. 'प्लीज कॉल मायसेल्फ' पण नाही, 'कॉल मी'. दोघं एकमेकांना मदत करतात तेव्हा 'देमसेल्व्हज' नको, 'ईच अदर' हवं.

"जो... तो" ही मराठी रचना इंग्रजीत दुहेरी राहत नाही. "जो मेहनत करतो, तो पुढे जातो" याचं 'हू वर्क्स हार्ड, ही सक्सीड्स' करू नका. 'द वन हू वर्क्स हार्ड सक्सीड्स' किंवा 'पीपल हू वर्क हार्ड सक्सीड' लिहा. माणसांसाठी 'हू', वस्तूंसाठी 'विच', आणि 'दॅट' दोघांसाठी चालतं, फक्त स्वल्पविरामानंतर अधिकची माहिती देताना ते वापरत नाहीत. 'हूम' औपचारिक लेखनात कर्मासाठी येतं. तिथे 'हिम' बसवून पाहा, बसलं तर 'हूम' बरोबर.

सावधान: 'द बुक विच आय बॉट इट' मधलं शेवटचं 'इट' काढून टाका. ते काम 'विच' ने आधीच केलं आहे.

## टप्पा 7: वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी तपासा

सगळी रूपं बरोबर असूनही वाक्य संदिग्ध राहू शकतं. 'सीमा टोल्ड रीना दॅट शी हॅड लॉस्ट हर की.' हरवली कोणी, आणि किल्ली कोणाची? चार अर्थ निघतात. लिहिणाऱ्याला अर्थ माहीत असतो, म्हणून त्याला ही खोट दिसत नाही. मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक सर्वनामापाशी थांबून "म्हणजे कोण?" असं विचारा. उत्तरात दोन नावं आली की दुरुस्ती करा.

दुरुस्तीचे मार्ग असे: नाम पुन्हा लिहा ('दॅट रीना हॅड लॉस्ट...'), सीमाचे शब्द थेट अवतरणात द्या ('सीमा सेड टू रीना, आय हॅव लॉस्ट युअर की'), नाहीतर वाक्याचे दोन तुकडे करा. नाम दुसऱ्यांदा लिहिलं म्हणून भाषा कमकुवत होत नाही. सर्वनामं खच्चून भरलेला परिच्छेद त्याहून जास्त त्रास देतो.

नवा परिच्छेद सुरू झाला की नाम परत लिहिणं चांगलं. मध्ये दुसऱ्या माणसाचा उल्लेख आला असेल तरीही. आणि एकटं 'दिस' वाक्याच्या सुरुवातीला ठेवू नका. 'दिस कॉज्ड अ प्रॉब्लेम' लिहिलं की आधीच्या चार वाक्यांपैकी नेमकं काय, ते कळत नाही. 'दिस डिले कॉज्ड अ प्रॉब्लेम' लिहिलं की प्रश्न उरत नाही.

आता स्वतः लिहिलेलं एखादं पत्र किंवा उत्तर घ्या. प्रत्येक सर्वनामाभोवती गोल करा आणि त्या गोलापासून ते ज्या नामाच्या जागी आलं त्या गटापर्यंत बाण काढा. "पाऊस पडतोय" सारख्या वाक्यांतलं 'इट', तसंच 'आय', 'वुई' आणि 'यू' यांना बाण लागणार नाही, ते सोडून द्या. बाकी ज्या गोलाला बाण सापडत नाही, किंवा ज्याला दोन बाण जातात, तिथे नाम परत लिहा.